आउटलुकचा कस्टम फॉर्म, आठ महिन्यांनंतर: धातू पोचतो, साचा मागं राहतो

"ओ सर, मेल आलाय, पण मोकळाच आलाय की!"

गोकुळ शिरगावच्या आमच्या मशीन शॉपमधून स्टोअरच्या मामांचा हा फोन. मी इकडं शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या क्वालिटी टेबलावर. तासाभरापूर्वीच मोठ्या कौतुकानं आउटलुकच्या कस्टम फॉर्ममधून, म्हणजे मेलमध्येच आपण मांडलेल्या चौकटी भरून, पहिला 'लॉट मेल' (कास्टिंगच्या एका खेपेची माहिती) पाठवला होता. पार्ट नंबर, हीट नंबर (वितळलेल्या धातूच्या एका घाण्याचा नंबर), ग्रेड, हार्डनेस, नग, शेरा, सगळं आपापल्या चौकटीत नीट भरलेलं. मामांच्या स्क्रीनवर मात्र नुसता विषय आणि खाली माझी सही.

हा उद्योग कशासाठी, ते आधी सांगतो. पूर्वी ही माहिती टेम्पोवाल्याच्या खिशातून चिठ्ठीनं जायची. चिठ्ठी तेलकट व्हायची, हीट नंबरातला ३ पुसून ८ वाटायचा आणि मग दुपारभर फोनाफोनी. साधा मेल लिहिला तर घाईत एखादी गोष्ट राहून जायची, बहुतेक वेळा हार्डनेसच. ठरलेल्या चौकटी समोर असल्या की माणूस भरतो, एवढाच विचार. क्लासिक आउटलुक (विंडोजवरचं जुन्या धाटणीचं) ऑफिसात होतंच, त्यामुळं वेगळा खर्च नाही. डेव्हलपर टॅब चालू केला, 'डिझाइन अ फॉर्म' उघडला, दोन संध्याकाळी खर्चून फॉर्म तयार. बनवणं खरंच सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. बनवलेला फॉर्म समोरच्याला दिसणं ही वेगळी भानगड आहे, आणि माझे आठ महिने त्यातच गेले.

पहिली गोष्ट समजायला मला चार दिवस लागले. मेलबरोबर फॉर्म जातच नाही. जातात त्या फक्त चौकटीत भरलेल्या नोंदी, आणि 'हा अमुक नावाच्या फॉर्मचा मेल आहे' अशी एक खूण. त्या खुणेला मेसेज क्लास म्हणतात. साध्या मेलचा क्लास 'आयपीएम.नोट', आपल्या फॉर्मचा त्याच्यापुढं टिंब देऊन आपण ठेवलेलं नाव. समोरच्याच्या आउटलुकला त्या नावाचा फॉर्म स्वतःकडं सापडला तर तो चौकटी मांडतो. नाही सापडला तर साध्या मेलसारखा उघडतो आणि नोंदी आत असूनही दिसत नाहीत. फाउंड्रीच्या भाषेत सांगायचं तर आपण इथून वितळलेला धातू पाठवला, पॅटर्न (साच्याचा नमुना) आपल्याच शेडमध्ये राहिला. तिकडं मोल्डच (साचाच) नाही तर कास्टिंग कुठलं येणार?

म्हणजे फॉर्म समोरच्याकडंही पब्लिश झालेला, त्याच्या आउटलुकमध्ये नावानिशी साठवलेला पाहिजे. कंपनीभर एकदाच टाकायचा तर 'ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररी' लागते आणि ती सर्व्हरवर ॲडमिननं उघडून द्यावी लागते. आमचं मेलचं काम बाहेरचा एक माणूस बघतो, तो 'बघतो सर' म्हणाला आणि अजून बघतोच आहे. शेवटी मी मोटरसायकल काढली आणि पाच जणांच्या आउटलुकमध्ये 'पर्सनल फॉर्म्स लायब्ररी'त त्याच नावानं फॉर्म पब्लिश करून आलो. नाव अक्षरन् अक्षर तेच हवं.

झालं, म्हणून परतलो. कावळा नाका ओलांडतोय तोवर मामांचा फोन. मोकळाच!

या वेळी चूक फॉर्मची नव्हती. मामा यादीत मेलवर एक टिचकी मारून शेजारच्या रीडिंग पेनमध्ये वाचत होते. कस्टम फॉर्म त्या पेनमध्ये दिसत नाही, तिथं फक्त मेलचा मजकूर येतो. दोनदा टिचकी मारून मेल वेगळ्या खिडकीत उघडला तरच चौकटी दिसतात. हे आधी माहीत असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

दोनदा टिचकी मारल्यावर चौकटी आल्या, पण सहातल्या चारच. ही मात्र शंभर टक्के माझी चूक, आणि हा फॉर्म करणारे बहुतेक जण हीच चूक करतात असा माझा अंदाज आहे. मेसेजच्या पानाला दोन चेहरे असतात, लिहिणाऱ्याचा एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा. मी सगळी मांडणी लिहिण्याच्या पानावर केली होती. नंतर सुचलेले 'हार्डनेस' आणि 'शेरा' वाचण्याच्या पानावर टाकायला विसरलो. डिझाइनमध्ये 'एडिट रीड पेज' दाबून तिथंही तेच मांडावं लागतं, नाहीतर 'सेपरेट रीड लेआउट'ची खूण काढून दोन्हीकडं एकच पान ठेवायचं. मी दुसरा मार्ग घेतला. दिसायला जरा ओबडधोबड, पण विसरायला जागा नाही.

तरीही 'शेरा' रिकामाच. ती चौकट मी टूलबॉक्समधून ओढून आणली होती, पण तिच्यामागं फील्ड, म्हणजे माहिती साठवणारा कप्पा, जोडलेलं नव्हतं. चौकटीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हॅल्यू' टॅबवर जाऊन फील्ड निवडलं नाही तर भरलेलं सगळं खिडकी बंद होताच हवेत विरतं. 'फील्ड चूजर'मधून फील्ड ओढलं की चौकट जोडूनच येते. तेव्हापासून मी टूलबॉक्सला हात लावत नाही. आणि त्या शेऱ्याचं शीर्षक मी जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलं होतं. तो फॉन्ट मामांच्या कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळं त्यांना तिथं इंग्रजी अक्षरांची उसळ दिसत होती. मामांना वाटलं व्हायरस आला.

फॉर्म सुधारून पुन्हा पब्लिश केल्यावरही एका कॉम्प्युटरवर जुनंच रूप दिसत राहिलं. आउटलुक फॉर्मची प्रत कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं कस्टम फॉर्म्स, मग मॅनेज फॉर्म्स, तिथून कॅश साफ केल्यावर नवीन रूप आलं.

मग आम्हाला जोर चढला आणि चाकणच्या ग्राहकालाही तोच फॉर्म पाठवला. 'सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम' नावाची एक खूण आहे, ती लावली की फॉर्मचा आराखडा मेलमध्येच जातो, समोर पब्लिश करायला नको. ऐकायला नाद खुळा वाटतं. पण हा सगळा ऐवज टीएनईएफ नावाच्या आउटलुकच्या खास गाठोड्यात बांधून जातो. समोर आउटलुक नसेल तर ते गाठोडं 'विनमेल.डॅट' नावाची फाइल म्हणून पोचतं आणि कुणाला सोडता येत नाही. ग्राहकाचं उत्तर आलं, 'विनमेल.डॅट उघडत नाही, कृपया पीडीएफ पाठवा.' समोर मॅकवरचं आउटलुक, फोनवरचं ॲप किंवा ब्राउझर असला तरी चौकटी दिसत नाहीत. आमचे मालक सगळे मेल फोनवरच बघतात. म्हणजे सहा महिने त्यांनी माझा एकही लॉट मेल बघितला नव्हता, आणि 'छान चाललंय' म्हणत होते!

मी बटण दाबलं की चौकटींतल्या नोंदी मजकुरात उतरतील अशी छोटी स्क्रिप्टही (फॉर्ममधला छोटा प्रोग्राम) लिहिली. चालेना. सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून फॉर्ममधल्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, चालू करायच्या तर प्रत्येक कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या मूळ सेटिंग्जमध्ये, हात घालावा लागतो. आणि आराखडा मेलमध्येच पाठवलेला असेल तर स्क्रिप्ट चालतच नाही. सुरक्षेच्या बाजूनं बरोबरच आहे. पाच कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीची जोखीम मला घ्यायची नव्हती, म्हणून सोडून दिलं.

आता असं चाललंय. शिरोली ते गोकुळ शिरगाव, ठरलेल्या पाच जणांत फॉर्म. तिथं तो उत्तम आहे, हीट नंबरावरून होणारी फोनाफोनी बंद झाली. ग्राहकाला मात्र साधा एचटीएमएल मेल, मजकुरातच टेबल आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेटची पीडीएफ. ग्राहकाकडून काही भरून हवं असेल तर वेब फॉर्मची लिंक. गेटबाहेर जाणाऱ्या कुठल्याही मेलसाठी कस्टम फॉर्म वापरू नका, असं मी स्पष्ट सांगेन. आत वापरणार असाल तर आधी स्वतःला नाही, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाठवून बघा. स्वतःच्या आउटलुकमध्ये फॉर्म असतोच, तो कायम दिसतोच.

मामांनी मॉनिटरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली होती, 'दोनदा टिचकी'. मागच्या महिन्यात त्यांचा कॉम्प्युटर बदलला. त्यांनी पट्टी जपून काढून नव्या मॉनिटरला लावली. नव्या मशीनवर मात्र नवीन आउटलुक सुरू होतं, आणि त्यात कस्टम फॉर्म चालतच नाहीत. दहा वाजता फोन वाजला.

"ओ सर, दोनदा मारली, चारदा मारली. मोकळाच आलाय की!"