फोनवर गिऱ्हाईक, बिलावर लिंका

फोन बहुतेक दुपारी येतो, दुकानात गर्दी नसताना. "सर, अभिनंदन. आमच्या संपादकीय टीमनं तुमच्या व्यवसायाची निवड केलीय. तुमची बातमी तीनशे न्यूज वेबसाइटवर येणार." मराठी पुण्या-मुंबईकडचं, मध्येच हिंदी. मालकाचं नाव, दुकानाची वेळ, मागच्या दिवाळीचा फोटो, सगळं त्याला पाठ. मालकाला वाटतं, माणूस अभ्यास करून बोलतोय. ही सगळी माहिती गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीत उघडी पडलेली असते, दोन मिनिटांचं काम.

बेळगावातलं कुंद्याचं दुकान (कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली इथली मिठाई), गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई), अथणी-निपाणीकडचे चपलांचे कारागीर, उद्यमबागेतली फौंड्री. ज्याला माल बाहेरगावी पाठवायची हौस आहे त्याच्या कानाला हा फोन गोड लागतो. खालचा हिशेब अशाच एका कुंदेवाल्याचा आहे. दुकानाचं आणि समोरच्या कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण नाव बदलून हाच कागद दुसऱ्याच्या हातात येतो.

पॅकेज २४,९९९ रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,४९९ रुपये ८२ पैसे. एकूण २९,४९८ रुपये ८२ पैसे. फोनवर ठरलं होतं ते असं: बातमी 'नॅशनल मीडिया'त येईल, गूगलवर दुकान पहिल्या पानावर दिसेल, महिनाभरात ऑनलाइन ऑर्डरी सुरू होतील. बिलावर मात्र एकच ओळ: एक प्रसिद्धीपत्रक, चारशे शब्दांपर्यंत, तीनशेहून अधिक आउटलेटवर वितरण. गिऱ्हाईक, गूगल, छापील पेपर, ऑर्डर यातला एक शब्द त्यात नाही. पुढं भांडण झालं की समोरचा हीच ओळ दाखवतो, आणि त्या ओळीपुरतं त्याचं खरं असतं. तीनशे लिंका त्यानं दिलेल्याच असतात.

त्या लिंका म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. प्रसिद्धीपत्रक वाटण्याचा धंदा मुळात खोटा नाही. अमेरिकेत पीआर न्यूजवायर १९५४ साली निघाली आणि बिझनेस वायर १९६१ साली. शेअर बाजारातल्या कंपनीनं आपली खबर सगळ्या वृत्तपत्रांना आणि दलालांना एकाच क्षणी द्यावी, कुणाला आधी आणि कुणाला मागून कळू नये, यासाठी हे तारयंत्र उपयोगी पडलं. तिथं वाचक ठरलेला असतो: बातमीदार, विश्लेषक, गुंतवणूकदार. पावशेर कुंदा घेणारा माणूस त्या तारेच्या टोकाला बसलेला नाही. टिळकवाडीतल्या दुकानाचं इंग्रजी पत्रक परदेशातल्या एखाद्या स्थानिक रेडिओच्या वेबसाइटवर जाऊन पडतं, आणि ते 'आउटलेट' म्हणून यादीत मोजलं जातं.

छापून येणं वेगळं आणि ठेवून देणं वेगळं. छापून येताना कुणीतरी संपादक वाचतो, दोन ओळी कापतो, एखादा प्रश्न विचारतो. ठेवून देताना कुणी काही वाचत नाही. वितरण कंपनीचा आणि वेबसाइटचा करार असतो, मजकूर आपोआप एका कोपऱ्यात ओतला जातो. मोठ्या नावाच्या वेबसाइटवरही हा कोपरा असतो. त्या पानाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा मजकूर अमुक संस्थेनं पुरवला असून त्याची संपादकीय जबाबदारी आमची नाही. वेबसाइटच्या मुख्य पानावरून तिथं जायला बहुधा वाटच नसते. एजंट स्क्रीनशॉट पाठवतो तो वरच्या अर्ध्याचा. मास्टहेड, म्हणजे वेबसाइटच्या नावाची वरची पट्टी, दिसतं, खालची सूचना कापलेली असते.

चौथ्या-पाचव्या दिवशी अहवाल येतो. एक्सेलची फाइल, ३१२ ओळी आणि वर ठळक आकडा: 'संभाव्य वाचक ८ कोटी'. हा आकडा बनवायची रीत अशी: प्रत्येक वेबसाइटला महिन्याला किती लोक येतात ते घ्यायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. तुमचं पान किती जणांनी उघडलं हा आकडा त्यात कुठंच नसतो. रविवार पेठेत दिवसाला जितकी माणसं येतात तितकी सगळी माझ्या दुकानाची गिऱ्हाइकं, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. इथं तेच इंग्रजीत लिहिलेलं असतं, म्हणून आपण गप्प बसतो.

फाइल आली की त्यातल्या दहा-बारा लिंका स्वतः उघडा, पण वरच्या सहा नव्हेत. वरच्या सहा निवडून लावलेल्या असतात. मधल्या आणि तळाच्या घ्या. काही उघडणारच नाहीत. बाकीच्यांत शब्दन् शब्द तोच मजकूर दिसेल. एकच मजकूर तीनशे ठिकाणी असला की गूगल ती पानं एकाच मजकुराच्या प्रती समजून एकत्र करतं आणि त्यातलं साधारण एकच दाखवतं. म्हणजे तीनशे हा आकडा शोधात पोचेपर्यंत एक होतो. आता मथळ्यातली एक पूर्ण ओळ दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. किती निकाल येतात ते मोजा आणि महिन्यानं पुन्हा मोजा, कारण बरीच पानं ठरावीक दिवसांनी काढून टाकतात. संगणक असेल तर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा कोड दिसतो. त्यात 'नोइंडेक्स' हा शब्द इंग्रजीत सापडला, तर ते पान गूगलला दाखवूच नका अशी सूचना वेबसाइटनं स्वतःच लिहून ठेवलीय. तुमच्या दुकानाच्या लिंकशेजारी 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' असेल, तर रँक चढवायला त्या लिंकवर भरवसा ठेवू नका.

एजंट म्हणतो, "तीनशे बॅकलिंक मिळाल्या, आता रँक वाढणार." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणारी लिंक. ही गोष्ट जुनी झाली. प्रसिद्धीपत्रकांत ठरवून शब्द पेरून त्यांवर लिंक लावणं गूगलनं २०१३ सालीच बनावट लिंकांच्या यादीत घातलं. २०२४ साली मोठ्या वेबसाइटच्या नावाच्या आडोशानं तिसऱ्याचा मजकूर ठेवण्याविरुद्धही नियम आला. 'गूगल न्यूजमध्ये नक्की' अशी हमी तर गूगल सोडून कुणी देऊच शकत नाही. पुरावा म्हणून जो स्क्रीनशॉट येतो त्यात वर शोधलेला शब्द कोणता आहे तो वाचा. दुकानाचं पूर्ण नाव आणि मथळ्याचे चार शब्द तिथं असतात. एवढं पाठ असलेला माणूस गूगल कशाला करील, थेट फोनच करील की. गिऱ्हाईक शोधतं ते 'बेळगाव कुंदा ऑनलाइन' असं. तो शोध स्वतःच्या नव्हे, पाहुण्याच्या फोनवर करून बघा. आपल्या फोनला आपलं दुकान ओळखीचं झालेलं असतं.

वेबसाइट असेल तर त्या आठवड्यात भेटींचा आलेख उभा चढलेला दिसू शकतो. परदेशातून आलेल्या, एक-दोन सेकंदांत निघून गेलेल्या भेटी बहुतेक यंत्रांच्या असतात. खरं मोजायचं असेल तर पत्रकात वेगळा व्हॉट्सॲप नंबर द्या, किंवा 'हा शब्द सांगा, डबा घरपोच' असा एखादा शब्द ठेवा. एजंट याला हमखास नकार देतो. "सर, ब्रँडिंग असं मोजत नाहीत." नकार आला की व्यवहार तिथंच थांबवावा. पाचशे रुपयांच्या सिमकार्डाला घाबरणारा माणूस तीस हजारांचं काम काय करणार?

एवढ्यावर थांबलं तर नुकसान तीस हजारांचं. पण दुसरा फोन येतो: लिंका 'इंडेक्स' करायचे, म्हणजे गूगलच्या शोधात नोंदवायचे, सात हजार. मग तिसरा: 'वर्षातील उद्योजक' पुरस्कार, दिल्लीत कार्यक्रम, नामांकन शुल्क वेगळं, ट्रॉफी वेगळी, टेबल वेगळं. चौथा विकिपीडियाच्या पानाचा. विकिपीडियावर लेख टिकायला विषयाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र माध्यमांनी आपणहून लिहिलेलं लागतं. पैसे देऊन ठेवलेलं पत्रक तिथं पुरावा धरत नाहीत. पान केलंच तर थोड्या दिवसांत उडतं आणि 'पुन्हा करायचे' पैसे मागितले जातात. दरम्यान यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून बघा. 'एक रुपयाची पडताळणी' म्हणून मंजूर केलेली विनंती दरमहाची कपात निघू शकते, ती तिथूनच रद्द करता येते.

पैसे देण्याआधी पाहायचं ते फार नाही. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. कंपनी म्हणते बेंगळुरूची आणि नंबर दुसऱ्याच राज्याचा, तर कारण विचारा. जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकला की नोंदणीतलं नाव आणि चालू की रद्द ते कळतं, लॉगिन लागत नाही. जीएसटी लावून पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागितले तर देऊ नका. आणि फोनवरची आश्वासनं व्हॉट्सॲपवर आपणच लिहून पाठवा: "तुम्ही सांगितलंत की अमुक पेपरात छापून येईल, अमुक दिवसांत, नाही आलं तर पैसे परत. बरोबर ना?" 'हो' असं उत्तर आलं तर तो कागद झाला. उत्तराऐवजी फोन आला तर काय समजायचं ते समजा.

पैसे गेलेच असतील आणि ते ताजे असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे समोरच्या खात्यातून पुढं गेले नसतील तर अडवता येतात, म्हणून इथं तास मोजायचे, दिवस नव्हे. नंतर सायबर क्राइम पोर्टल आणि आपल्याकडचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं. पण लिंका खरोखर दिल्या असतील तर पोलीस 'हा व्यवहाराचा वाद' म्हणून हात झटकू शकतात. फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१८, लावायचं तर सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दिसावं लागतं. म्हणून तो व्हॉट्सॲपचा 'हो' जपायचा. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. बिलावर 'न्यायक्षेत्र फक्त दिल्ली' असं छापलेलं असतं, त्याला घाबरून लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावातच. मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. समोरचा वकील म्हणेल की सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाहीच. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून दुकान चालवतो, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. चॅट मराठीत असेल तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र विसरू नका.

प्रसिद्धी हवीच असेल तर बेळगावात ती मिळते. १९१९ पासूनचा तरुण भारत आहे, पुढारी आहे, कन्नड पेपरांचे वार्ताहर आहेत. एक पान, तीनशे शब्द, मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक. मजकूर युनिकोडमध्ये, वर्डच्या फाइलमध्ये द्या. पीडीएफमधून मराठी उचलली की जोडाक्षरं तुटतात आणि उपसंपादक ते बाजूला ठेवतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दबून छापायच्या लायकीचा राहत नाही. फोटोत पाटी येत असेल तर ती आधी बघून घ्या. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, आणि कुंद्याची बातमी पाटीची बातमी होऊन बसेल. १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असताना पाठवू नका, पानांत जागा नसते. वार्ताहर "जाहिरात द्या, मग बघू" म्हणाला तर रागावू नये. चौरस सेंटिमीटरचा दर विचारावा आणि पावती घ्यावी. निदान काय विकत घेतलं ते कळतं.

आता त्या कुंदेवाल्याच्या पत्रकातली एक ओळ. एजंटनं आपल्या मनानं घातली होती: 'शुगर-फ्री कुंदा, मधुमेहींसाठी वरदान.' मालकानं इंग्रजी न वाचताच 'ओके' पाठवलं. खाद्यपदार्थांच्या दाव्यांबाबत २०१८ चे नियम आहेत. 'शुगर-फ्री' म्हणायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि त्यात दुधातली साखरही धरतात. दूध आटवून केलेला कुंदा, वरून चिमूटभर साखर घातली नाही तरी, त्या मापात बसूच शकत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि पत्रकाच्या तळाशी नाव-नंबर एजंटचा नसतो, दुकानाचा असतो. तीनशे पानांना वाचक नाही असं वर म्हटलं. पण मालकानं कौतुकानं त्यातली एक लिंक स्टेटसला ठेवलेली असते, ती शेजारचा कुंदेवालाही बघतो. असं काही गेलं असेल तर स्टेटस आधी काढा. मग वितरण करणाऱ्या कंपनीला ई-मेल करा, 'हा दावा आम्ही दिलेला नाही, पत्रक मागे घ्या' असं लिहून तारखेसह, आणि अहवालातल्या लिंका तशाच खाली चिकटवा. मूळ पत्रक मागे घेतलं तरी इतर वेबसाइटवरच्या प्रती आपोआप जातीलच असं नाही. त्या एकेका वेबसाइटला लिहून काढवून घ्याव्या लागतात, आणि तेव्हा ती ३१२ ओळींची एक्सेल पहिल्यांदाच कामाला येते.