लंडनची गाडी मुंबईत आणायची की दिल्लीची घ्यायची?

भाचा सहा वर्षांनी लंडनहून कायमचा परत येतोय. तिथे त्याच्याकडे दोन वर्षांची, त्याने एकट्यानेच वापरलेली गाडी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात जुन्या आयात गाड्यांवरचं मूळ सीमाशुल्क १२५ टक्क्यांवरून ७० वर आल्याचं त्याने वाचलं आणि फोन केला, "मामा, गाडी घेऊनच येतो." मी स्वतः तीन वर्षांपूर्वी दिल्लीची जुनी गाडी मुलुंडला आणली होती. त्यामुळे त्याच्यासमोर दोन्ही वाटा मांडायच्या असं ठरवलं.

बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. मूळ शुल्क ७० झालं आणि त्यावर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला. बेरीज १३७.५. आधीचे १२५ आणि समाजकल्याण अधिभाराचे साडेबारा मिळूनही १३७.५ च होत होते, म्हणजे बोजा तोच. शिवाय आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आहेच. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे, आणि तो शुल्कासह किमतीवर लागतो. कस्टम्सने गाडीचं मूल्य २० लाख धरलं तर साडेसत्तावीस लाख शुल्क आणि १९ लाख आयजीएसटी. भरायचे एकूण साडेसेहेचाळीस लाख.

आणि हे २० लाख तुम्ही ठरवायचे नसतात. गाडी तुम्हाला कितीत पडली यापेक्षा कंपनीची नव्या गाडीची किंमत महत्त्वाची. तिच्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. मग वाहतूक आणि विमा मिळवतात. ओळखीत स्वस्त मिळालेली गाडी इथे स्वस्त राहत नाही ती यामुळे.

पैशांची तयारी असली तरी गाडी पात्र हवी. उत्पादनाच्या तारखेपासून ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तारीख उत्पादनाची, नोंदणीची नव्हे. शोरूममध्ये सहा महिने पडून राहिलेल्या गाडीचे ते सहा महिनेही मोजले जातात. स्टिअरिंग उजवीकडे हवं, त्यामुळे दुबई किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांनी विचार तिथेच सोडलेला बरा. लंडनची गाडी इथवर पास होते, पण स्पीडोमीटर किलोमीटरचा लागतो आणि ब्रिटनमध्ये तो मैलांचा असतो. हेडलाइटचा झोतही डावीकडून चालणाऱ्या रहदारीला जुळणारा हवा.

वेळेचं गणित मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातून आणता येते. जहाजावर चढण्याआधी तिकडे तपासणी करून प्रमाणपत्र घ्यायचं, इथे उतरल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून चाचणी करून घ्यायची, आणि ही चाचणी गाडी कस्टम्समधून सुटण्याआधीची आहे. तोवर बंदराचं भाडं दिवसागणिक चढतं. ३० दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे. शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या बाँडेड गोदामात गाडी ठेवता येते, पण भाडं तिथेही. म्हणून बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमध्ये रोज ये-जा असलेला, माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट गाडी जहाजावर चढण्याआधी गाठा, उतरल्यावर नव्हे. चाचणीची तारीख कोण घेणार हे त्याच्याकडून लेखी घ्या.

आता दिल्ली. २०१५ साली हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून त्या मुदतीच्या जवळ आलेल्या गाड्यांचे भाव उतरतात. कागद मोजके आहेत: एनओसीसाठी, म्हणजे तिथल्या आरटीओच्या ना-हरकत पत्रासाठी, फॉर्म २८, मालकी बदलासाठी २९ आणि ३०, इथल्या नव्या नंबरसाठी २७. पण फॉर्म २८ ची सुरुवात विकणाऱ्याला करावी लागते. मी फसलो ते इथेच. त्याचं कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळायला सात आठवडे गेले. मी पूर्ण पैसे आधीच दिले होते, त्यामुळे त्याला घाई नव्हती. गाडी मात्र माझ्या दारात, दिल्लीच्या नंबरची. आता कोणी विचारलं तर एकच सांगतो: निम्मे पैसे एनओसी हातात येईपर्यंत आपल्याकडे ठेवा, आणि दंडाची थकलेली चलनं ऑनलाइन बघूनच बयाणा द्या.

एनओसीवर इथल्या आरटीओचं नाव येतं, म्हणून पत्ता आधी पक्का करा. मुलुंडला वडाळा लागतं, एमएच-०३. चेकनाक्यापलीकडे ठाणे, एमएच-०४. दादरला ताडदेव. भाड्याचं घर बदलायच्या बेतात असाल तर थांबा.

"बारा महिने परराज्याचा नंबर चालतो" हे खूप जण सांगतात. ती मुदत नवा नोंदणी क्रमांक घेण्याची आहे, मालकी बदलाची वेगळी. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि विम्यावर नाव लावायला १४ दिवस मिळतात. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, तो किमतीत धरू नका. महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे कमी बसतो, पण तो आधी इथे भरायचा आणि दिल्लीचा परतावा मागायला नंतर जायचं. परतावा मिळेल असं धरून सौदा करू नये.

मुंबईतलीच एमएच गाडी घेतली तर यातलं जवळजवळ काहीच नाही, मालकी बदल आणि विमा एवढंच. चार पैसे जास्त पडले तरी पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला मी हेच सुचवेन. दिल्लीची वाट घ्यायची तर विकणारा ओळखीतला असावा आणि आरसी बोजामुक्त.

आयात कोणी करावी? इथे न मिळणारं मॉडेल ज्याला हवंच आहे, ज्याच्या हाताशी किमतीच्या अडीच पट रोख आहे आणि ज्याची गाडी अजून दोन वर्षांचीही नाही, त्याने. भाच्याला मी दाराच्या चौकटीवरच्या, उत्पादनाची तारीख असलेल्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितलं. त्याच्या हिशेबापेक्षा गाडी आठ महिने जुनी निघाली. चाचण्या आणि जहाज धरून तीन वर्षांच्या आत ती मुंबईला लागणं कठीण होतं. त्याने ती तिकडेच विकायला काढली आहे, आणि मी या रविवारी त्याच्यासाठी घाटकोपरला एक एमएच-०३ बघायला जातोय.