सड्यावरच्या जांभ्यासाठी कोणता फोव्हिऑन?

सिग्मा कंपनीचा फोव्हिऑन सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा) कॅमेरा सेकंडहँड घ्यायचा विचार असेल, तर आधी एवढंच ठरवा: तुम्ही जे टिपणार ते जागेवर राहतं की हलतं?

साध्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. फोव्हिऑनमध्ये एकाखाली एक तीन थर: निळा वरच्यावर अडतो, हिरवा मधे, लाल सर्वांत खोल जातो. म्हणून जेटीवर वाळत घातलेल्या जाळ्यांवर रंगीत पट्टे उमटत नाहीत.

पहिल्या पिढीतला २००२ चा एसडी९ थरागणिक ३.४ मेगापिक्सेलचा आणि फक्त रॉ (कॅमेऱ्यात प्रक्रिया न झालेली) फाइल देणारा. आज तो हौसेचा मामला. पुढचा एसडी१४ (४.७ मेगापिक्सेलचे तीन थर) मात्र अजून उपयोगी आहे. रंग गोड, फाइल लहान. घरातल्या भिंतीवर मध्यम आकाराचं चित्र लावायचं तर पुरे.

खरी चुरस मेरिल आणि क्वाट्रो या फोव्हिऑनच्या नंतरच्या दोन पिढ्यांत. मेरिलचे तिन्ही थर सारखे, प्रत्येकी सुमारे १५ मेगापिक्सेल. राजापूर तालुक्यातल्या काशेळीच्या सड्यावर (उघड्या कातळमाळावर) सकाळच्या तिरक्या उन्हात हत्तीचं कातळशिल्प टिपा. जांभ्याचं भोक न् भोक, कोरीव रेघेतली सावली, वर चिकटलेलं वाळकं शेवाळ, सगळं हाताला लागेलसं दिसतं. मी तरी दगडासाठी दुसरं काही सुचवणार नाही. पण त्रास मोजून घ्या. डीपी मेरिल या छोट्या कॅमेऱ्यांची एक बॅटरी शंभरेक फोटोंत संपते (कंपनीच खोक्यात दोन देत असे, यातच काय ते आलं). फोटो कार्डावर उतरेपर्यंत विडा लावून होतो. रॉ फाइल उघडायला सहसा सिग्माचंच सॉफ्टवेअर लागतं, तेही सावकाश चालतं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० पर्यंत राज्य, ४०० ला कुरकुर.

२०१४ च्या क्वाट्रोत वरचा थर १९.६ मेगापिक्सेलचा, खालचे दोन प्रत्येकी ४.९ चे. बारकावा वरच्या थरातून येतो, रंग तिघांतून. त्यामुळे काम चपळ झालं, आयएसओतही थोडी सूट मिळाली. दगडाचा तो खरखरीत स्पर्श मात्र मला किंचित गुळगुळीत वाटतो. भातशेती, खाडी, ढगाळ आषाढ असं मिश्र काम असेल तर मी एसडी क्वाट्रो घेईन: लेन्स बदलता येते, इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी डीएनजी ही रॉ फाइल मिळते आणि बॉडीला पाण्याच्या शिंतोड्यांपासून थोडं संरक्षण आहे. लेन्सलाही ते आहे असं धरून पावसात उभे राहू नका.

रात्रीचा दशावतार, वेळासच्या वाळूत पहाटे निघालेली कासवाची पिल्लं, लग्न? यांतला कुठलाच घेऊ नका. साधा मिररलेस बरा.

डीपी मालिकेत लेन्स बदलतच नाही. डीपी१ मेरिल २८ मिमीसारखी, डीपी२ ४५, डीपी३ ७५ (आकडा लहान तेवढी चौकट रुंद). अख्खं कातळशिल्प एका चौकटीत हवं तर डीपी१, मंदिराच्या लाकडी खांबावरची नक्षी हवी तर डीपी३. आणि किनाऱ्यावरच्या माणसाकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी लेन्समध्ये आरपार टॉर्च मारा. चार पावसाळे कपाटात पडलेल्या माझ्या एका लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली होती, आणि बाहेरून ती कोरी दिसत होती.