घड्याळाशेजारचे दोन आकडे: ट्रॅफिकमॉनिटर वापरून पाहिलं

"आई, नेट गेलंय!" ही हाक आली की पूर्वी मी हातातलं पान तसंच टाकून राउटरपाशी जायचे, तो बंद करून चालू करायचे. दहातल्या आठ वेळा नेट गेलेलं नसायचंच. आता खुर्चीतून उठत नाही. टास्कबारवर, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवर, घड्याळाच्या डावीकडे दोन बारीक ओळी दिसतात: किती डेटा वर जातोय, किती खाली येतोय. आकडे हलताहेत म्हणजे नेट आहे, चिरंजीवांचा गेमच कुठेतरी अडकलाय.

हे काम करतं ट्रॅफिकमॉनिटर, विंडोजवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या वेबसाइटवर मिळतं. झिप उघडायची आणि चालवायचं, इन्स्टॉल वगैरे काही नाही. आधी मी याच कामासाठी नेटस्पीडमॉनिटर वापरायचे, पण ते टास्कबारवरच्या टूलबारच्या आधारावर चालायचं आणि विंडोज ११ मध्ये ती सोयच काढून टाकली. ट्रॅफिकमॉनिटरच्या दोन आवृत्त्या आहेत. मोठीत प्रोसेसरचं तापमानही दिसतं, पण तिला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. मला तापमानाशी काय करायचंय? मी दुसरी, ‘लाइट’ नावाची छोटी आवृत्ती घेतली.

पहिल्याच आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली. कनेक्शन १०० एमबीपीएसचं आणि मोठी फाइल उतरवताना आकडा साडेअकराच्या पुढे सरकेना. तावातावाने तक्रारीचा फोन लावायला घेतला, तेवढ्यात विंडोजमधलाच टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर तिथे नव्वदच्या वर! मग डोक्यात प्रकाश पडला. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, टास्क मॅनेजरही बिटमध्येच मोजतो, ट्रॅफिकमॉनिटर मात्र मेगाबाइट दाखवत होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चे साडेबाराच होणार, त्यातलंही थोडं वाटखर्चाला जाणार. सेटिंगमध्ये एकक बदलता येतं. मी बदललं नाही, आठने गुणायची सवय झालीय.

खरा उपयोग कळला तो एका पुस्तकाची पानं छापखान्याला पाठवताना. ३४० एमबीची पीडीएफ, संध्याकाळपर्यंत पोचवायची, आणि पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. वैतागून अपलोड रद्द केलं. तरी वरच्या ओळीत १.१ एमबी प्रति सेकंद चालूच! मी काही पाठवत नसताना हे जातंय काय? हे मात्र ट्रॅफिकमॉनिटर सांगत नाही. नुसता एकूण आकडा दाखवतं, कोणता प्रोग्रॅम खातोय ते नाही. त्यासाठी विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडावा लागला. फोटोंचा बॅकअप घेणारा एक प्रोग्रॅम जुन्या सहलींचे फोटो गुपचूप वर चढवत होता. थांबवला आणि पीडीएफ पाच मिनिटांत गेली.

दोन गोष्टी आधीच सांगते. दिसतं ते फक्त या कॉम्प्युटरचं. दुसऱ्या खोलीतला टॅब किती ओढतोय ते इथे कळत नाही. आणि हा वेग सध्या वाहणाऱ्या डेटाचा आहे, लाइनच्या ताकदीचा नाही. काहीच उतरवत नसाल तर शून्य दिसणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून नेणारं कनेक्शन) वापरत असाल तर त्या आकड्यांवर माउसचं उजवं बटण दाबून एकच कनेक्शन निवडा, सगळी निवडली तर तोच डेटा दोनदा मोजला जातो. स्किन, रंग, फॉन्ट यांचा पसारा बराच आहे. मी अक्षर एक पॉइंट मोठं केलं, बास.

रोजच्या वापराची नोंदही ते ठेवतं, कॅलेंडरसारख्या चौकटींत. परवा सहज उघडलं तर रविवारच्या चौकटीत १९ जीबी. रविवारी मी घरातच नव्हते. चिरंजीवांना विचारलं.

"अगं, माझ्या कॉम्प्युटरात जागा नव्हती, म्हणून गेम तुझ्यात उतरवला. तुला कसं कळलं?"