जपानीची जीसीएसई: स्वाध्याय की शिकवणी?
इंग्लंडमधील ज्या शाळेत जपानी शिकवली जात नाही, तेथील जीसीएसई (सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणारी शालेय परीक्षा) देणाऱ्या विद्यार्थ्याला स्वाध्याय स्वस्त वाटतो. श्रवण आणि वाचन त्यावर निभावतेही, शिवाय घरी मराठी बोलणाऱ्याला वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद खटकत नाही. मात्र एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या परीक्षेत संभाषण आणि लेखन यांना प्रत्येकी २५ टक्के गुण असतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. काताकाना या जपानी लिपीतील ‘शि’ आणि ‘त्सु’ या अक्षरांत फरक मुख्यतः रेघांच्या दिशेचा असल्याने आपली चूक आपल्याला दिसत नाही; शिक्षक ती लगेच पकडतो. म्हणून शब्दसंग्रह स्वतः वाढवून लेखन-संभाषणापुरती शिकवणी लावणे मला अधिक व्यवहार्य वाटते. अर्थात, तोंडी परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षार्थी स्वीकारणारे केंद्र दोन्ही पर्यायांत आधीच शोधावे लागते.