मधल्या खोलीचा उजेड: व्हिक्टोरियन घराची मांडणी बदलून चौदा महिने राहिल्यानंतर

इंग्लंडमधील रेडिंग हे शहर एके काळी बिस्किटे, बिअर आणि बियाणे या तीन धंद्यांसाठी ओळखले जात असे. त्या भरभराटीच्या काळात शहराच्या पूर्व भागात लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या, आणि 1890च्या दशकातील अशाच एका रांगेत, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असलेले आमचे घर आहे. त्याच्या आतील मांडणीत आम्ही मोठे फेरबदल केले. बदललेल्या घरात दोन हिवाळे आणि एक पूर्ण उन्हाळा काढल्यानंतर, म्हणजे नव्या कामाची नवलाई ओसरल्यानंतर, हा अनुभव लिहीत आहे.

मूळ मांडणी कोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला मुळीच परकी वाटणार नाही. रस्त्याच्या बाजूला दर्शनी खोली, तिच्यामागे मधली खोली, त्यामागे शेपटीसारखे बाहेर आलेले अरुंद स्वयंपाकघर आणि त्याच्याही टोकाला पुढे कधीतरी जोडलेले न्हाणीघर. थोडक्यात ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि परस असाच हा क्रम आहे. स्वयंपाकघराच्या कडेने शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत सव्वा मीटर रुंदीचा बोळ होता, ज्याला येथे साइड रिटर्न म्हणतात. हा बोळ म्हणजे वाया गेलेली जागा, असे पाहताक्षणी कोणालाही वाटते आणि आम्हालाही तसेच वाटले. वास्तविक मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी त्याच बोळात उघडत होती.

आम्ही केलेले बदल असे. बोळावर काचेचे छत घालून तो स्वयंपाकघरात घेतला, तळमजल्यावरचे न्हाणीघर पाडले, वरच्या मजल्यावरील मागच्या लहान खोलीत नवे न्हाणीघर केले, जिन्याखाली एक छोटे शौचालय बसवले आणि मधली खोली स्वयंपाकघराला पूर्ण मोकळी केली. दर्शनी खोली मात्र भिंत आणि दारासह जशीच्या तशी ठेवली. पुढच्या दारापासून जिन्यापर्यंत जाणाऱ्या अरुंद पॅसेजची भिंतही आम्ही पाडली नाही. पुढेमागे माळ्यावर खोली काढायची झाली, तर आग लागल्यास वरून थेट बाहेरच्या दारापर्यंत येणारा जिन्याचा मार्ग सुरक्षित बंदिस्त असावा लागतो. आज पाडलेली भिंत तेव्हा पुन्हा बांधावी लागली असती.

रांगेतील मधल्या घराची खरी अडचण कागदावरच्या नकाशात दिसत नाही. घराला बाजूने वाट नसते, त्यामुळे आत येणारी प्रत्येक वीट आणि बाहेर जाणारा राडारोडा पुढच्या दारातूनच न्यावा लागतो, आणि राडारोड्याचा स्किप, म्हणजे मोठी उघडी लोखंडी पेटी, रस्त्यावर ठेवण्यासाठी कौन्सिलचा (येथल्या नगरपालिकेचा) परवाना काढावा लागतो. स्वयंपाकघराची बाजूची भिंत काढल्यावर वरच्या मजल्याचा भार पेलण्यासाठी जो लोखंडी गर्डर घातला, तो अखंड लांबीचा असता तर पॅसेजमधून वळलाच नसता. इंजिनिअरने तो दोन तुकड्यांत करून जागेवर बोल्टने जोडण्याचा आराखडा दिला, आणि सहा माणसांनी तो खांद्यावरून आत आणला, तेव्हा पॅसेजच्या जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा एक मोठा पोपडा खाली आला.

शेजाऱ्यांची संमती हा दुसरा भाग, आणि येथे एक घर नव्हे तर दोन घरे. 1996च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे सामाईक भिंतीत गर्डर टेकवायचा असेल तर 2 महिने आधी, आणि शेजाऱ्याच्या इमारतीपासून 3 मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर 1 महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याने 14 दिवसांत उत्तर दिले नाही तर त्यांचा विरोध आहे असेच धरले जाते आणि दोघांमधल्या अटी ठरवून देणारे सर्वेक्षक नेमावे लागतात, ज्यांचे शुल्क बहुधा काम काढणाऱ्याच्याच माथी येते. आम्ही नोटीस टपालाने टाकण्याआधी दोन्ही घरी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन नकाशा दाखवायला गेलो होतो. एका घराची सही त्याच आठवड्यात मिळाली आणि दुसऱ्या घरासाठी सर्वेक्षक नेमावाच लागला.

कंत्राटदाराबद्दल तक्रार दोन गोष्टींची आहे. बोळात फरशीखाली मैल्याच्या नळाचे चेंबर होते, हे खोदकाम सुरू झाल्यावर कळले. एकाहून अधिक घरांचे सांडपाणी वाहून नेणारे असे नळ इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2011पासून पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेले आहेत आणि त्यांच्यावर बांधायचे तर कंपनीची परवानगी लागते. ती येईपर्यंत काम दीड महिना ठप्प होते. दुसरी चूक अधिक गंभीर ठरली असती. पुढच्या दोन खोल्यांची जमीन लाकडी असून ती अधांतरी आहे, आणि खालच्या पोकळीत हवा खेळावी म्हणून पायाच्या भिंतींत जाळीच्या विटा आहेत. मागच्या बाजूला काँक्रीट ओतले की त्या बुजतात, म्हणून काँक्रीटमधून नळ्या काढून ती हवा बाहेर आणावी लागते. आमचा कंत्राटदार त्या नळ्या टाकायला विसरला होता. काँक्रीटच्या आदल्या दिवशी आलेल्या बिल्डिंग कंट्रोलच्या, म्हणजे काम नियमांप्रमाणे होते की नाही हे तपासणाऱ्या खात्याच्या, निरीक्षकाने पाहिले म्हणून वाचलो, नाहीतर काही वर्षांत तुळया कुजल्या असत्या.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. जिन्याखालचे शौचालय ही साऱ्या खर्चातील सर्वांत लहान आणि सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. आई-बाबा साताऱ्याहून येऊन पाच महिने राहिले, तेव्हा दर्शनी खोली त्यांची झाली. आजच्या नियमांत घरगुती जिन्याचा चढ 42 अंशांहून अधिक चालत नाही, पण आमचा जुना जिना त्याहून उभा आहे. बाबांच्या गुडघ्यांना तो दिवसातून एकदा, अंघोळीपुरताच, चढावा लागला. ती खोली मोकळी करून टाकली असती तर त्यांना मिटायला दार उरले नसते. वरच्या न्हाणीघराबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. एक खोली गेली, सकाळची धावपळ कमी झाली.

स्वयंपाकघर प्रशस्त झाले. ओटा आता साडेतीन मीटरचा आहे, आणि एक जण पोळ्या लाटत असताना दुसऱ्याला मागून जाता येते, जे पूर्वी अशक्य होते. परंतु मोकळ्या मांडणीचे जे गोडवे गायले जातात, ते फोडणी न करणाऱ्यांनी गायलेले असावेत. नियमाप्रमाणे शेगडीवरच्या हूडने सेकंदाला 30 लिटर हवा बाहेर टाकली की पुरते; आमचा हूड त्याच्या दुप्पट क्षमतेचा आहे, तरीही मिरच्या परतताना मधल्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीला ठसका लागतो आणि सोफ्याच्या कापडाला दुसऱ्या दिवशीही लसणाचा वास येतो. काचेच्या छताचेही तसेच. घराची मागची बाजू पश्चिमेला असल्याने जुलैतल्या संध्याकाळी ओट्यापाशी उभे राहवत नाही, आणि जोराच्या पावसात फोनवर बोलायचे तर पॅसेजमध्ये जावे लागते.

मुख्य चूक मात्र मधल्या खोलीची. तिची खिडकी गेली, आणि काचेच्या छताचा उजेड आपल्यापर्यंत पोहोचेल या भरवशावर आम्ही राहिलो. तो पोहोचतो, पण जेमतेम दीड-दोन पावले आत. येथे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो; त्या दिवसांत ती खोली दुपारीही माजघरासारखी काळोखी असते. आमच्याच रांगेत चार घरे पलीकडे एका कुटुंबाने हेच काम करताना मधल्या खोलीच्या खिडकीसमोरचा दीड मीटर लांबीचा बोळ उघडा ठेवला आणि त्याच्यापुढे स्वयंपाकघर रुंद केले. त्यांच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागत नाही, खिडकी उघडता येते आणि त्या इवल्याशा जागेत त्यांनी कुंड्या ठेवल्या आहेत. वाड्याच्या पोटात चौक कशासाठी असतो, हे लहानपणी पुण्यात मामाच्या घरी रोज पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे सुचू नये, याची मला अजून चुटपुट लागते. ओटा एवढा लांब नसता तरी चालले असते.

त्या खोलीतील धुराड्याचा पुढे आलेला भाग पाडून जागा वाढवण्याचा सल्ला आम्ही मानला नाही, हे बरे झाले. वरच्या मजल्यावरील धुराड्याच्या विटांचा भार त्यासाठी वेगळा पेलावा लागला असता आणि हाती आली असती ती हातभर जागा. त्याच्या दोन्ही बाजूंना जे कोनाडे आपोआप तयार होतात, त्यांपैकी एकात देव आहेत आणि दुसऱ्यात पुस्तके.

एप्रिलमध्ये सुतार येणार आहे. दर्शनी खोली पूर्वेला असल्याने तिच्यात सकाळचे ऊन येते. ते मागे यावे म्हणून दोन खोल्यांमधील भिंतीत, दाराच्या उंचीच्या वर, काचेची पट्टी बसवून घेत आहोत. तोवर मधल्या खोलीतला दिवा सकाळपासून लावलेलाच असतो.