नदीत, नदीशेजारी की पंपावर? कयाकिंगचा मार्ग बांधण्याआधी पुराचा हिशेब

कयाकिंग-राफ्टिंगसाठी खळाळत्या पाण्याचा मार्ग बांधायचं ठरलं की बैठकीत सगळ्यात आधी विचारलं जातं, लाटा केवढ्या उठतील? मी आधी विचारेन, पूर आला की हा मार्ग बंद कसा करणार? सिडनीजवळच्या पेनरिथचा 2000 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला मार्ग सेकंदाला 14 घनमीटर, म्हणजे साधारण 500 क्युसेक पाण्यावर चालतो. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत 35 हजार क्युसेकच्या वर विसर्ग सुरू होता आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं. खेळायला लागतं त्याच्या सत्तरपट पाणी! ते अंगावर घ्यायचं, की वाट देऊन सोडून द्यायचं, यावर पुढचं सगळं ठरतं.

सगळ्यात स्वस्त वाटणारा पर्याय म्हणजे थेट पात्रात खडक आणि बुटके बंधारे रचणं. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी टेनेसीतल्या ओकोई नदीत असंच केलं. पण तिथली खुबी लक्षात घ्या. त्या टप्प्यातलं पाणी एरवी वीजनिर्मितीकडे वळवलेलं असतं, पात्र जवळजवळ कोरडं असतं आणि धरणातून वेळापत्रकाप्रमाणे सोडलं तरच पाणी येतं. आपल्या घाटाखालच्या नदीला वेळापत्रक कोण लावणार?

खरी गोम बंधाऱ्याच्या पायथ्याशी आहे. पाणी कमी असताना ते बंधाऱ्यावरून उडी मारून पुढे निघून जातं. खालची पातळी वाढू लागली की उडी बुडते, आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं, बंधाऱ्याच्या दिशेने वाहू लागतं. त्यात सापडलेला माणूस खाली ओढला जातो, वर येतो, पुन्हा भिंतीकडे खेचला जातो. लाइफ जॅकेट असलं तरी. पूर आणखी चढला की बंधारा पुरता बुडतो आणि ही ओढ बरीचशी जाते. म्हणजे सगळ्यात जीवघेणी वेळ असते ती पूर चढत असतानाची, मधली. त्या वेळी काठावरून पाणी फार भयंकर दिसतही नाही. म्हणून काठापासून काठापर्यंत सरळ, एकसारखी भिंत कुणी आराखड्यात दाखवली तर तो कागद तिथेच परत करा. माथा तुटक हवा, मध्ये खोलगट हवा, म्हणजे अडकलेल्याला बाहेर पडायला प्रवाहाची एक जीभ मिळते. तरीही एका विसर्गाला सुरक्षित असलेला आकार दुसऱ्या विसर्गाला तसाच राहील, याची हमी नाही.

शिवाय पात्रात काहीही भरलं की पुराची पातळी वरच्या अंगाला चढते. अमेरिकेत नियमन केलेल्या पूरमार्गात, म्हणजे पुराला वाट म्हणून राखलेल्या पट्ट्यात, असं काही बांधायचं तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी जराही वाढणार नाही, हे गणिताने सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे निळी पूररेषा 25 वर्षांच्या पुराची आणि लाल 100 वर्षांच्या. पात्रातला बंधारा तर निळ्या रेषेच्या पार आत. जलसंपदा विभागाने हरकत घेतली तर मला तरी नवल वाटणार नाही.

दुसरा पर्याय बाजूच्या कालव्याचा. 1972 च्या ऑलिंपिकसाठी आउग्सबुर्गला बांधलेला मार्ग लेख नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी घेतो. अमेरिकेत इंडियानातल्या साउथ बेंडला 1984 पासून नदीशेजारच्या जुन्या कालव्यात असाच मार्ग आहे. तोंडाशी दरवाजा असतो. पूर आला, दरवाजा खाली सोडून बंद केला, नदी आपल्या वाटेने गेली. माझं मत याच बाजूला झुकतं, पण तीन अटींवर. वीज गेली तरी दरवाजा स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. जलपर्णी आणि वाहून आलेली झाडं अडवणारी जाळी होड्या उतरतात त्या जागेच्या वर हवी, कारण जाळीवर दाबला गेलेला माणूस ओढून काढणं जवळजवळ अशक्य असतं. आणि तिसरी अट बहुतेक जण विसरतात: खालचं तोंड. नदी चढली की पाणी तिथून उलटं आत शिरतं, वरचा दरवाजा बंद असला तरी. तेव्हा मार्ग बंद करण्याचा निर्णय खालच्या पातळीवरूनही व्हायला हवा.

कुंडलिका नदीवरच्या कोलाडच्या राफ्टिंगचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं: भिऱ्याच्या वीजकेंद्रातून ठरावीक पाणी येतं, मग भीती कसली? हिवाळ्या-उन्हाळ्यात हे बरोबर आहे. पावसाळ्यात मात्र त्या पाण्यावर कुंडलिकेच्या स्वतःच्या खोऱ्यातला पाऊस चढतो, आणि रोह्याला नदी इशारा पातळी गाठते ती त्यामुळेही.

पंपावर चालणारा मार्ग पुराच्या दृष्टीने सगळ्यात निवांत. पाणी तेच ते फिरतं, बटण दाबलं की थांबतं. फक्त पंपघर आणि विजेचे पॅनेल लाल रेषेच्या वर हवेत. खर्च मात्र अंगावर येतो. पेनरिथसारखं सेकंदाला 14 घनमीटर पाणी 5.5 मीटर उचलायला नुसत्या गणिताने 755 किलोवॉट लागतात. पंपांची घट धरली तर तासाला हजारेक युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर तासाचे दहा हजार, गर्दी असो वा नसो. मोठ्या महापालिकेला हे जमेल, तालुक्याच्या क्लबला नाही.

क्लबसाठी एक चौथी वाटही आहे: काहीच न बांधण्याची. फेब्रुवारी 2023 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतली कनू स्लॅलम, म्हणजे टांगलेल्या फाटकांमधून होडी काढायची शर्यत, महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर झाली, नैसर्गिक खडकांतून. पावसाळ्यात बंद ठेवायचं आणि वरच्या धरणाच्या विसर्गाची खबर वेळेवर मिळेल अशी व्यवस्था लावायची, एवढं केलं तर सुरुवातीला हे पुरे.

वीजकेंद्राचं सुटणारं पाणी आणि शेजारी मोकळी जागा, दोन्ही असतील तरच कालव्याकडे वळा. सल्लागाराकडून आराखडा घेताना एका विसर्गाचं सुंदर चित्र घेऊ नका. किमान तीन विसर्गांची प्रतिकृती-चाचणी मागा: खेळाचा, मार्ग बंद करण्याच्या क्षणाचा आणि निळ्या रेषेचा. आणि कितव्या पातळीला दरवाजा पडेल व रात्री दोन वाजता तो कोण पाडेल, हे करारातच लिहून घ्या.